मदत हवी आहे: १९२९ फोर्ड मॉडेल ए रोडस्टर, ४५ च्या पुढे चाकं फडफडतात

रोडस्टर२९
ताशी ४५ मैलांच्या आसपास रस्त्याच्या एखाद्या सांध्यावरून गेलं की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी जोरात फडफडायला लागतात. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं तरी आवरत नाही. गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थरथर जात नाही. ४० पर्यंत काहीही त्रास नाही.
इंजिन शेवरोले ३५० (घनइंच), गिअरबॉक्स टर्बो ३५०, मागे ९ इंची फोर्ड एक्सल. टायर बॅलन्स करून घेतले. अलाइनमेंटवाल्याने 'सगळं ठीक आहे' म्हणून परत पाठवलं.
स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगची थरथर दाबणारा शॉक अॅब्सॉर्बर) मागवतोय. कुठला घेऊ तेवढं सांगा. सुट्टी संपत आली आहे, लवकर उत्तर हवंय.

पाना_बारा
इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल सगळं लिहिलंत. दुखणं आहे पुढे, आणि पुढचं एक अक्षर नाही!
एक्सल आय-बीम (भरीव) की ट्यूब (पोकळ नळीचा)? मूळचा की ड्रॉप केलेला, म्हणजे गाडी खाली यावी म्हणून वाकवलेला? एक्सलला चासीशी धरणारे दांडे कुठले, विशबोन, हेअरपिन की फोर-बार? स्टिअरिंग बॉक्स कुठला? मागची बाजू पुढच्यापेक्षा किती उंच ठेवली आहे? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाजच.

चिरतरुण_चासी
फोर्ड मस्टँग टू चं इंडिपेंडंट सस्पेन्शन (सरळ एक्सल नाही, प्रत्येक चाक ए-आर्मवर वेगळं हलतं) बसवा आणि मोकळे व्हा. किट मिळतं, रॅक-पिनियन मिळतं, डिस्क ब्रेक मिळतात. मी तेच केलं. सरळ एक्सलच्या मागे लागून आयुष्य का घालवायचं?

फ्लॅटहेडप्रेमी
फेंडर नसलेल्या मॉडेल ए च्या नाकाखाली ए-आर्म दिसले की गाडीची सगळी कळा जाते. त्या गाडीचा चेहरा म्हणजे तो ड्रॉप केलेला एक्सल.
आणि ३५० कशासाठी? ते इंजिन आलं १९६७ ला. १९२९ च्या गाडीत शोभतं ते फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८. १९३२ मध्ये २२१ घनइंचांचं, ६५ अश्वशक्तीचं निघालं आणि सामान्य माणसाच्या हाती आठ सिलिंडर आले. दुसऱ्या महायुद्धाआधी कॅलिफोर्नियातल्या मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर पोरं ज्या गाड्या पळवत होती त्यांतूनच जुन्या गाड्या बदलून पळवायचा हा छंद उभा राहिला.

चिरतरुण_चासी
मुरॉकवर पळणाऱ्यांना त्या काळी जे सगळ्यात जोरकस मिळालं ते त्यांनी बसवलं. १९५५ ला शेवरोलेचं २६५ आलं, तेव्हा त्याच मंडळींनी फ्लॅटहेड उतरवून ते चढवलं. तापणारं इंजिन जपत बसण्याला परंपरा म्हणायचं असेल तर म्हणा.

फ्लॅटहेडप्रेमी
ब्लॉकमधले पाण्याचे मार्ग नीट साफ केले आणि रेडिएटर चांगला असला तर फ्लॅटहेड तापत नाही. तापतं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ब्लॉकमधली जुनी ओतकामाची माती खरवडून काढलेली असते?

रोडस्टर२९
इंजिनबद्दल विचारलेलंच नाही. इंजिन उत्तम चालतंय.
@पाना_बारा: चासी आधीच्या मालकाने तयार केलेली आहे, मी तशीच घेतली. एक्सल आय-बीम, ४ इंच ड्रॉप. विशबोन मधून कापून चासीच्या दोन्ही बाजूंच्या रेलला (लांब तुळयांना) जोडलेले. स्टिअरिंग शेवरोले वेगा गाडीचा बॉक्स. पुढे डिस्क ब्रेक. मागची बाजू उचललेली आहे, किती ते मोजलेलं नाही. डँपरचं सांगा ना कुणीतरी.

दूरचा_प्रवासी
माझ्याही गाडीला असंच व्हायचं. डँपर लावला, बंद झालं. त्यानंतर बरेच लांबचे प्रवास झाले, आजपर्यंत त्रास नाही. तुम्ही लावून टाका, शंका नको.

पाना_बारा
@दूरचा_प्रवासी, तुमचं आणि माझं इथे पटणार नाही. डँपर थरथर दाबतो, तिचं कारण तसंच राहतं. डँपरचं तेल गळेल किंवा बुश झिजेल तेव्हा ती परत येईल, आणि तोवर त्या हादऱ्यांनी किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ) आणि टाय-रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं ढिली झालेली असतील. सगळं बरोबर बसवल्यावर वरून लावायला माझी ना नाही. पहिला उपाय म्हणून नको.
@रोडस्टर२९, दोन गोष्टी सांगा. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कल, किती लिहिलंय? आणि पॅनहार्ड बार, म्हणजे एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा, आहे का?

रोडस्टर२९
कागदावर फक्त टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळली आहेत ते) आहे, १/८ इंच. कॅस्टर लिहिलेलंच नाही. पॅनहार्ड बार नाही. मूळ गाडीलाही नव्हता, मग आता कशाला लागेल?

पाना_बारा
मूळ गाडीत ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाक वळवणारा दांडा) मागून पुढे जायची, डाव्या चाकाच्या आर्मला. वेगा बॉक्स लावला की ती आडवी जाते, डाव्या रेलवरून उजव्या चाकाकडे. तुमचा पुढचा पाटा आडवा आहे आणि शॅकलवर (झुलत्या कड्यांवर) लटकतो, म्हणजे एक्सलला डावी-उजवीकडे सरकायला मोकळीक आहे. बॉक्सने ड्रॅग लिंक ढकलली की चाक वळण्याआधी अख्खा एक्सल थोडा सरकतो. चाकाला दणका बसला की याच्या उलट. थरथरीला एवढी जागा पुरते.
पॅनहार्ड बार ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा हवा. रेलवरचं टोक डावीकडे, एक्सलवरचं उजवीकडे. उलटा लावलात तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपली आपण वळेल.
कॅस्टर आजच मोजा. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी, जॅक नाही. एक्सलच्या टोकाला किंगपिन ज्या भागातून जातो त्याच्या सपाट माथ्यावर अँगल फाइंडर पुढे-मागे धरा. किंगपिनचा वरचा भाग मागे किती कलला आहे तो आकडा. मॉडेल ए ला कारखान्यातून ५ अंश होता. ड्रॉप एक्सलच्या गाडीला मी ६ ते ७ ठेवतो.

ओळखपट्टी
अवांतर आहे, पण महत्त्वाचं आहे. मूळ इंजिन काढलं तर गाडीच्या कागदांवर कुठला नंबर आहे ते पाहिलंत का? मॉडेल ए मध्ये इंजिनावरचा नंबरच चासीच्या डाव्या रेलवर वरच्या बाजूला ठोकलेला असतो आणि बॉडीखाली झाकला जातो. रंगकामाआधी बॉडी उचलणार असाल तर तो शोधून फोटो काढून ठेवा. ग्राइंडर फिरला की गेला.

जुनं_ते_जपा
वाचून वाईट वाटलं. मूळ ४० अश्वशक्तीची ती शांत गाडी होती. तिला कापून, जाळून काय मिळवलंत?

चिरतरुण_चासी
मॉडेल ए ४८ लाखांहून जास्त बनल्या. आणि ही आधीच्या मालकानेच कापलेली होती. आता ती सुरक्षित चालावी एवढंच या माणसाला हवंय.

रोडस्टर२९
मोजलं. डावीकडे दीड अंश, उजवीकडे दोन. मागची बाजू जवळपास ३ इंच वर आहे. विशबोन एक्सलपासून मागच्या सांध्यापर्यंत ३२ इंच. सांध्याला आटे आहेत, तेच फिरवून कॅस्टर वाढवतो.

पाना_बारा
थांबा, आटे फिरवून कॅस्टर वाढणार नाही! हेअरपिन किंवा फोर-बार असता तर खालचा-वरचा दांडा लहान-मोठा करून वाढला असता. विशबोनमध्ये दोन्ही दांडे एकत्र वेल्ड केलेले असतात. आटे फिरवले की एक्सल फक्त पुढे-मागे सरकेल, अंश जवळजवळ तेवढाच राहील. एकाच बाजूचे फिरवलेत तर एक्सल तिरपा बसेल.
तुमचा कॅस्टर गेला कुठे ते पाहा. मॉडेल ए चा व्हीलबेस १०३.५ इंच. मागची बाजू ३ इंच उचलली म्हणजे चासी दीड अंशाहून जास्त पुढे कलली, तेवढा कॅस्टर तिथेच कमी. उरलेला विशबोनची मागची टोकं रेलवर उंच जोडल्यामुळे गेला असणार. टोक वर गेलं की किंगपिन उभा होतो, खाली आलं की मागे कलतो. ३२ इंच लांबीला दर अंशासाठी टोक अर्ध्या इंचाहून जरा जास्त खाली यावं लागतं. ४ अंश हवे असतील तर साधारण सव्वादोन इंच.
दोन गोष्टींना विसरू नका. ब्रॅकेट खाली आणताना कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नये. टायरची हवा गेली तर तो भाग रस्त्याला टेकेल. दुसरं, एक्सल कलला की पाटाही कलतो, पण वरचा क्रॉसमेंबर (चासीची आडवी तुळई) जागच्या जागी राहतो. मध्ये पाचरीसारखी पट्टी द्यावी लागेल, नाहीतर शॅकल अडकतील.
एक्सल तापवून वाकवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि जॅकवर चढवून चाक वर-खाली हलवून किंगपिनचा प्ले (ढिलेपणा) बघा. झिजले असतील तर बाकीची मेहनत वाया.

दूरचा_प्रवासी
माझ्या गाडीचं ट्यूब एक्सल आहे आणि विशबोन असेच कापलेले. मग माझा कॅस्टरही मोजायला हवा का?

पाना_बारा
हो, आणि तुमच्याकडे त्याहून मोठी गोष्ट आहे. कापलेले विशबोन आय-बीमवर चालतात, कारण एक चाक खड्ड्यात गेलं की आय-बीम थोडा पिळतो. ट्यूब पिळत नाही. तो सगळा जोर विशबोनच्या सांध्यांवर आणि ब्रॅकेटच्या वेल्डवर येतो. वेल्डला बारीक तडा गेलाय का ते या आठवड्यातच बघा. ट्यूबसाठी फोर-बार.

दाब_दहा
ब्रेकचं कुणीच विचारलं नाही. मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळ्यांखाली असेल तर तो कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर येतो आणि तेल परत वाहून जातं. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा, ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लागतो. आहे का?

रोडस्टर२९
किंगपिनमध्ये प्ले नाही. वेल्डरकडून दोन्ही ब्रॅकेट खाली घेतले, पाचर दिली, पॅनहार्ड बार बसवला. कॅस्टर आता दोन्हीकडे ६ अंश. टो-इन १/१६ वर आणलं.
आज रस्त्याच्या त्याच सांध्यावरून ४५, ५५ आणि ६५ ने गेलो. स्टिअरिंग हलकं धरलं तरी सरळ राहतं. उभ्या गाडीत वळवायला जड झालंय, पण चालेल. डँपर मागवला नाही.
@पाना_बारा, मनापासून आभार. @ओळखपट्टी, बॉडी उचलली की नंबराचा फोटो घेतो. @दाब_दहा, मास्टर सिलिंडर खालीच आहे आणि व्हॉल्व्ह कुठे दिसला नाही. मागे ड्रम आहेत. दोन्ही मागवतो.

दाब_दहा
त्याआधी मास्टर सिलिंडरमध्येच व्हॉल्व्ह बसवलेला नाही ना ते बघा. ड्रमसाठीच्या जुन्या सिलिंडरांत तो आतच असतो. एका लाइनवर दोन नकोत, डिस्क चिकटतील.