धर्मग्रामाचा सण दणक्यात होतो, पण माणसं जोडली जात नाहीत

शेवटचा_बाक:
आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या भाविक मंडळींचा, आश्रयदात्या संताचा सण दरवर्षी होतो; यंदा त्याच्या समितीत माझं नाव घातलंय. मी नको म्हणायच्या आत फादरांनी जाहीरही करून टाकलं. आमच्याकडे नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना), मिरवणूक, सणाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), सहभोजन सगळं साग्रसंगीत होतं. चर्च भरून बाहेर मंडप लागतो. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच चेहरे, तेच बाक. नवीन राहायला आलेली कुटुंबं जेवणाच्या वेळी ताटं घेऊन कडेला उभी राहतात नि निघून जातात. राबणारेही दरवर्षी तेच. वेदीवरून कितीही घोषणा केल्या तरी मदतीला कोणी फिरकत नाही. सणानं धर्मग्राम एक होतो म्हणतात, तो कशानं होतो? खर्च वाढवा हा सल्ला नको, तो समितीत आधीच मिळालाय.

गायनवृंदातली:
घोषणा सगळ्यांना असते, म्हणून कोणालाच नसते. घरी जाऊन विचारा. आणि नुसतं 'या ना मदतीला' म्हणू नका. नवा माणूस येतो नि हात मागे बांधून उभा राहतो, कारण बाकीच्यांना आपापलं काम पाठ असतं. त्याला ठरलेलं काम द्या, ठरलेली वेळ द्या, सोबत एक जुना माणूस द्या. आमच्याकडे खुर्च्या मांडायला एक निवृत्त गृहस्थ आणि एक नवखा मुलगा अशी जोडी लावली होती. रांग सरळ की तिरकी यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. अजूनही मिस्सा सुटली की फाटकाशी त्यांचा कुठला ना कुठला वाद रंगलेला असतो!

नोव्हेनाचा तर नीट उपयोगच होत नाही. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरला तो दिवस) शिष्य आणि मरियामाता माडीवर एकत्र प्रार्थना करत राहिले, त्या नऊ दिवसांशी ही परंपरा जोडतात. आपण मात्र रोज बाहेरून प्रवचनकार आणतो आणि आपण ऐकत बसतो. एकेक संध्याकाळ लघु ख्रिस्ती समूहांना (शेजारच्या घरांचे प्रार्थनागट) द्याच, पण कुठल्याच समूहात नसलेल्यांसाठीही एक ठेवा: खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, एकटे राहणारे वृद्ध. वाचनं त्यांची, मध्यस्थीच्या प्रार्थनाही त्यांनीच लिहिलेल्या.

नियमवाला:
दोन गोष्टी. सण आठवड्याच्या मधल्या वारी येत असेल तर नोकरदार माणूस येणार कसा? चर्चच्या आश्रयदात्या संताचा सण त्या चर्चपुरता महोत्सव, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचा सण असतो. कॅथलिक चर्चच्या 1969 च्या उपासना-दिनदर्शिकेच्या नियमांनुसार असा सण सामान्य काळातल्या (नाताळ-ईस्टरच्या काळांबाहेरच्या) रविवारी साजरा करता येतो. आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा) आणि पुनरुत्थानकाळाचे (ईस्टरपासूनचा) रविवार मात्र सोडून. फादरांशी बोला.

दुसरं, पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्च्या. देणगीदारांची नावं लावलेल्या. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिकडे उभा राहा'. करिंथच्या मंडळीच्या सहभोजनातही तेच, एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. प्रेषित पौलानं तिथे कोणाची भीड ठेवली नाही. राखीव जागा आजाऱ्यांना नि म्हाताऱ्यांना ठेवा, बास.

मंडपवाला:
वरचं सगळं मान्य, पण सणाची कार्यशाळा करू नका हो. काही लोकांना वर्षातून एकदाच यायचं असतं, येऊ द्या. 'आज कशी वाट चुकलात' असा टोमणा ऐकला की तो माणूस पुढच्या वर्षी तेवढाही येत नाही. दाराशी स्वागताला बोलकी माणसं ठेवा, हजेरी घेणारी नकोत.

आणि हिशेब लावा. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असं 1983 च्या धर्मसंहितेतच (कॅथलिक चर्चच्या कायद्यात) आहे (कलम 1287). जमा, खर्च, शिल्लक, एक कागद सूचनाफलकावर. समितीबद्दलची निम्मी कुजबुज तिथेच थांबते. पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झालीच होती. प्रेषितांनी ती दाबली नाही, सात जण निवडून काम त्यांच्याकडे सोपवलं. निवडायला लोकांनाच सांगितलं, हे विसरू नका.

शेवटचा_बाक:
आभार. आमचा सण मधल्या वारीच येतो आणि रविवारचं कोणी सुचवल्याचं आठवत नाही. फादरांना विचारतो. घरोघरी जायला मी तयार आहे, जोड्यांची यादी करायला घेतलीय. खुर्च्यांचा विषय समितीत काढला की काय होणार ते आत्ताच दिसतंय. मंडपवाले, फलकावर लावता त्या हिशेबाचा नमुना असला तर इथे टाका, कोरा चालेल.