क्योटोत फोटो काढताना
क्योटोतल्या गिऑन या गेइशांच्या जुन्या वस्तीत फोटो काढू देत नाहीत म्हणून काहीजण नाराज असतात. तिथल्या खासगी गल्ल्यांत २०१९ पासून विनापरवानगी फोटो काढायला मनाई आहे, १०,००० येन दंडाचे फलकही लागलेत. मला ते पटतं. गेइको-माइको, म्हणजे नाच-गाण्याची कला सादर करणाऱ्या गेइशा आणि शिकाऊ गेइशा, कामावर निघालेल्या असतात आणि पर्यटक कॅमेरे घेऊन वाट अडवतात! ठाण्यात जांभळी नाक्यावर फुलवाल्या मावशींवर कुणी न विचारता लेन्स रोखलेली आपल्याला चालेल का?

त्यापेक्षा क्योटोतल्याच निशिकी या खाद्यपदार्थांच्या बाजारात जा. चालता चालता खाऊ नका अशी तिथे विनंती असते, म्हणून दुकानापाशीच थांबून खायचं. तेवढ्यात दुकानदाराशी ओळख होते, मग फोटो काढू का असं खुणेनं विचारलं तरी पुरतं. रामेनच्या, म्हणजे नूडल्सच्या गरम सूपच्या, फोटोला उजेड वाडग्याच्या मागून आणि पार्श्वभूमी गडद हवी, तरच वाफ उठून दिसते. दोन-तीन क्लिक पुरे, नूडल्स फुगायच्या आत खा.