भुताटकीचे स्टॉप-मोशन सिनेमे मुलांसोबत: सुरुवात कशाने करावी?

रातकिडा
थोरली ११ वर्षांची, धाकटा ७ चा. 'नाइटमेअर बिफोर ख्रिसमस', 'कॉर्प्स ब्राइड', 'कोरलाइन' कोणत्या क्रमाने दाखवावेत? आणि या जरा जरा हलवून एकेक फोटो काढलेल्या (म्हणजे स्टॉप-मोशन) बाहुल्या आहेत हे धाकट्याला पटावं म्हणून घरी १० सेकंदांचं काही करता येईल का?

काळी मांजर
आधी 'नाइटमेअर' (१९९३). सव्वा तासाचा, गाणी भरपूर, भुतं विनोदी. शेवटी ऊगी बूगी या पोत्याच्या अंगाच्या खलनायकाची शिवण उसवून आतले किडे सांडतात, तेवढं धाकट्याजवळ बसून बघा. (दिग्दर्शक हेन्री सेलिक बरं का, नाव मात्र निर्माता टिम बर्टनचं झालं.) मग 'कॉर्प्स ब्राइड' (२००५): जिवंतांचं गाव राखाडी, मेलेल्यांचं रंगीत, त्यामुळे भीती लवकर उतरते. 'कोरलाइन' (२००९) धाकट्याला आत्ता नकोच. हुबेहूब आईसारखी दिसणारी बाई पोरीच्या डोळ्यांवर बटणं शिवायला निघते, हे सात वर्षांच्या पोराला झेपत नाही. थोरलीला खऱ्या घराचं आणि दारापलीकडच्या नकली घराचं, दोन्ही स्वयंपाकघरं सिनेमा थांबवून दाखवा. खऱ्या घराचा सेट मुद्दाम उथळ बांधलाय, पलीकडचा खोल.

टाचणी
पटवायचं तर चेहऱ्यांपासून सुरू करा. 'नाइटमेअर'चा नायक जॅक, त्याची सुमारे ४०० डोकी होती, हावभाव बदलला की डोकंच बदलायचं. 'कॉर्प्स ब्राइड'मध्ये डोक्यात बारीक गिअर, कानातून चावी फिरवली की तोंड हलतं. 'कोरलाइन'चे चेहरे थ्रीडी प्रिंटेड, कपाळ वेगळं, तोंड वेगळं. मधली फट नंतर संगणकावर पुसली.

शाडूमाती
तुमच्या १० सेकंदांसाठी सेकंदाला १२ फोटो, म्हणजे एकूण १२०. बाहुलीच्या सांगाड्याला १.५ मिमी ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्या. लोखंडी तार वाकवली की थोडी परत येते, पोझ टिकत नाही. ॲल्युमिनियमही कोपराशी कधीतरी तुटतेच, जादा हात करून ठेवा. खाली थर्माकोल, पावलातून टाचणी.

खरी कटकट फ्लिकरची, म्हणजे फोटोगणिक उजेड कमीजास्त होऊन चित्र लुकलुकण्याची. फोन दर फोटोला एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) नव्याने ठरवतो. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा, पडदे ओढा, अंगात गडद कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचा उजेड सेटवर पडतो. टेबललॅम्प एकच, बाजूने आणि जरा मागून. समोरून लावलात तर सावलीच उरत नाही, मग भुताटकी कसली! धुक्यासाठी कापूस नको, हात लागला की दर फ्रेमला वळवळतो. मागच्या झाडांपुढे ट्रेसिंग पेपर ताणून लावा.

रातकिडा
थर्माकोलऐवजी पुठ्ठा चालेल?

शाडूमाती
खोक्याचा जाड पुठ्ठा, तीन थर चिकटवून. एकेरीत टाचणी डुलते.