जुना चेनसॉ घ्यावा का? रेस दिली की बंद पडतो

खोडवा

वापरलेला, ५० सीसीच्या आसपासचा, १८ इंची बारचा (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) पेट्रोल चेनसॉ बघून ठेवला आहे. थंड असताना चोक ओढून चौथ्या-पाचव्या ओढीला चालू होतो. चोक अर्धा ठेवला तर चालत राहतो. पूर्ण उघडून रेस दिली की घुसमटतो आणि बंद पडतो. रेस सोडल्यावर कधीकधी आवाज लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच अडकून राहतो. चेन ब्रेक खटकन लागतो, साखळीचे दात निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. विकणाऱ्याचं म्हणणं, कार्बोरेटर साफ केला की झालं.

घेण्याआधी काय उघडून बघावं? खरंच फक्त कार्बोरेटर असेल का? काम आठवड्यातून तासभर, पडलेल्या झाडांचे ओंडके पाडायचे.

टूस्ट्रोक

तो अजून चालवून बघू नका. चोक अर्धा ठेवल्यावरच चालतो याचा अर्थ इंजिनाला पेट्रोल कमी मिळतंय किंवा हवा जास्त मिळतेय. या इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. अशा अवस्थेत फुल रेसवर थोडा वेळ जरी चालला तरी पिस्टन ब्लॉकला घासतो. रेस वर अडकून राहणं हे तर हवा भलतीकडून शिरत असल्याचं ठळक लक्षण आहे. तेव्हा 'फक्त कार्बोरेटर' यावर लगेच विश्वास ठेवू नका.

निर्णय चालू होण्यावरून घ्यायचा नाही, पिस्टनवरून घ्यायचा. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढले की समोर एक्झॉस्टचं भोक दिसतं. प्लग काढून ठेवा, दोरी हळूहळू ओढत पिस्टन वरखाली करा आणि टॉर्च मारा. पिस्टनची बाजू करड्या रंगाची, सपाट, यंत्रावर घडवल्याच्या बारीक आडव्या खुणांसकट दिसली तर उत्तम. उभे ओरखडे, चकाकणारे पट्टे, किंवा वितळून रिंगेवर चढलेलं अ‍ॅल्युमिनियम दिसलं तर इंजिन एकदा जॅम झालेलं आहे. रिंग काडीने दाबून बघा. आत जाऊन परत बाहेर आली पाहिजे.

मग कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूने बघा. ओरखडे फक्त सायलेन्सरकडे असतील तर कारण तेल नसलेलं पेट्रोल, हवेची गळती किंवा चुकीचं ट्यूनिंग. फक्त कार्बोरेटरकडे असतील तर फाटक्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. ही बाजू सायलेन्सरच्या भोकातून दिसत नाही, म्हणून बरेच जण फसतात.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना रेस पूर्ण दाबून ठेवा, डीकॉम्प्रेशनचं (दोरीची ओढ हलकी करणारं) बटण असेल तर ते वर आहे ना बघा, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा ओढी द्या. १५० पीएसआय किंवा वर असेल तर डोळे मिटून पुढे जा. १२० च्या खाली असेल तर पिस्टन-रिंगचा खर्च धरूनच बोलणी करा. गेज छोट्या इंजिनाचंच हवं, ज्याच्या टोकाशी वाल्व्ह असतो. मोटारीच्या लांब नळीच्या गेजने चांगलं इंजिनही ९०-१०० दाखवतं, कारण नळीतली जागाच या चिमुकल्या सिलिंडरच्या मानाने मोठी पडते. गेज नसेल तर स्विच बंद, चेन ब्रेक लावलेला, आणि दोरीची मूठ धरून यंत्र अधांतरी सोडा. हिसक्या-हिसक्याने, थांबत थांबत खाली आलं तर ठीक. सरसर खाली गेलं तर नाही.

पान्हा_१३

वरच्याशी सहमत. पिस्टन चांगला निघाला तर दुरुस्तीची सुरुवात टाकीपासून करा, कार्बोरेटरपासून नाही.

आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. तेवढ्याने सुधारला तर टाकीचा श्वास बंद आहे, तो छोटा व्हेंट बदलला की काम झालं. नाही तर तारेच्या आकड्याने इंधननळी बाहेर ओढा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ही नळी आधी फुगते, मग कडक होऊन चिरते, आणि चीर नेमकी टाकीच्या भिंतीत शिरते तिथे असते, वरून दिसत नाही. वाकवून बघा. टोकाचा फिल्टर काळा किंवा चिकट असेल तर धुवू नका, नवा लावा.

कार्बोरेटरला एका बाजूला चार स्क्रूंचं आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक एका स्क्रूचं झाकण असतं. चार स्क्रूंच्या बाजूला मीटरिंग डायफ्राम, म्हणजे पेट्रोल बेताने सोडणारा पडदा. त्याचा पडदा बोटाने दाबल्यावर कापडासारखा मऊ लागला पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीसारखा कडकड वाजला तर गेला. दुसऱ्या बाजूला पंपाचा पडदा, त्यावर जिभेसारखे दोन पापुद्रे. ते सपाट बसलेले हवेत, वर वळलेले नकोत. बहुतेक कार्बोरेटरांत मीटरिंगच्या बाजूला आधी पॅकिंग मग पडदा, पंपाच्या बाजूला आधी पडदा मग पॅकिंग असा क्रम असतो. उलटा बसला की पेट्रोल येत नाही किंवा वाहत राहतं, आणि दोष भलत्यालाच दिला जातो. उघडताना फोटो काढा.

पडद्याखालच्या लिव्हरची उंचीही उघडल्या उघडल्या सरळ पट्टी ठेवून नोंदवा. बऱ्याच मॉडेलांत ती चेंबरच्या तळाशी सपाट असते. खाली राहिली तर पेट्रोल कमी, वर राहिली तर इंजिन पेट्रोलने भरून प्लग ओला होतो. भोकांत तार घालू नका, फक्त कार्ब क्लीनर. मुख्य नोझलमध्ये कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर आतला इवलासा चेक व्हाल्व्ह निकामी होतो आणि मग आयडल (रेस न देता चालण्याचा वेग) कधीच स्थिर राहत नाही.

एच (फुल रेसचं पेट्रोल) आणि एल (आयडलचं पेट्रोल) हे दोन्ही स्क्रू काढण्याआधी किती आटे आत जातात ते मोजून लिहून ठेवा. आत फिरवताना टेकले की थांबा, आवळू नका, सुईचं टोक चेपतं. आकडा माहीत नसेल तर दोन्ही एकेक आटा बाहेर, ही सुरुवात चालेल.

जुनीकानस

एक भर. विकत घेताना दोन मिनिटं चालवून बघून इग्निशन कॉइल कळत नाही. थंड असताना ठणठणीत, गरम झाल्यावर बंद, आणि अर्ध्या तासाने परत चालू, अशी कॉइल नेहमी भेटते. चांगला गरम झाल्यावर बंद करून लगेच परत चालू करा. होत नसेल तर तिथल्या तिथे प्लग काढून ठिणगी बघा, थंड होऊ देऊ नका. ठिणगी पेट्रोलपासून लांब बघा आणि प्लगचं भोक चिंधीने झाका. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट साधारण ०.३ मिमी. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर मध्ये जाडसर व्हिजिटिंग कार्ड ठेवून स्क्रू आवळा. प्लगची फट ०.५ मिमी.

खोडवा

घेतला. तपासणी अशी: सायलेन्सरकडची बाजू स्वच्छ, रिंग मोकळी. कार्बोरेटरकडे पिस्टनच्या खालच्या भागावर बारीक उभ्या रेघा, पण नख अडकत नाही. कॉम्प्रेशन १४०. इंधननळी टाकीच्या भिंतीतच चिरलेली निघाली. नळी, फिल्टर, पडद्यांचा संच आणि एअर फिल्टर नवा घातला. आता चोकशिवाय चालतो, रेसही घेतो. पण क्लचची बाजू खाली करून तिरका धरला की आयडल आपोआप वाढतं, सरळ केला की उतरतं. एल स्क्रू कितीही फिरवला तरी तसंच. पेट्रोल-तेलाचं मिश्रण २५ ला १ करू का, म्हणजे निदान पिस्टनला तेल जास्त मिळेल?

टूस्ट्रोक

मिश्रण वाढवून हा दोष झाकू नका. २५ ला १ केलं की त्याच भोकातून तेल जास्त आणि पेट्रोल कमी जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल आणखी घटतं. परत ट्यून न करता मिश्रण बदललं तर उलट गरम चालतो. यंत्राच्या कंपनीने दिलेलं प्रमाण धरा. चांगलं, एफडी (जॅसो प्रतवारीतल्या) दर्जाचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुतेक ठिकाणी ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. २५ ला १ म्हणजे ४० मिली. मोजपात्रानेच मोजा, झाकणाने नको. कालवलेलं पेट्रोल महिन्याच्या आत संपवा.

रेघांबद्दल: नख अडकत नाही तोवर पिस्टन तसाच चालेल. फिल्टरची कड जिथे बसते तिथे ग्रीसचा पातळ हात फिरवा. कडेच्या आत भुसा दिसला तर फिल्टर अजूनही बसत नाहीये.

पान्हा_१३

तिरका केल्यावर आयडल बदलणं म्हणजे बहुधा क्रँकशाफ्टभोवतीचं ऑइल सील, आणि तुम्ही सांगता त्यावरून क्लचच्या बाजूचं. आधी शाफ्टचं टोक धरून वरखाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं आहे. मग नवं सील आठवडाभरही टिकणार नाही, इंजिन उघडावंच लागेल. खेळ नसेल तर सील वरूनच बदलता येतं.

पण बदलण्याआधी खात्री करा. इनटेकचा रबरी बूट आणि क्रँककेसमधून (पिस्टनखालचा बंद कप्पा) कार्बोरेटरकडे येणारी इम्पल्सची नळीही अशीच गळते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सायलेन्सर आणि ब्लॉकच्या मध्ये दाबून एक्झॉस्ट बंद करा, तसाच इनटेक बंद करा, पिस्टन पूर्ण खाली आणा आणि प्लगच्या भोकातून हातपंपाने ०.५ बार (दाबाचं एकक) हवा भरा. २० सेकंदांत काटा हलता कामा नये. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. नंतर हेच निर्वाताने करा: ०.५ बार ओढा, २० सेकंदांत ०.३ च्या खाली उतरायला नको. ही दुसरी चाचणी टाळू नका. हवा भरल्यावर सीलची ओठी शाफ्टवर दाबली जाते आणि गळती लपते. निर्वातात ती उचलली जाते. चालत्या इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सोडून द्या, गरम सायलेन्सर शेजारीच असतो.

क्लच उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो, त्यावर बाणही कोरलेला असतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून मऊ दोरी भरा, पण पिस्टन एक्झॉस्टच्या भोकाच्या वर चढल्यावरच. नाही तर दोरी त्या भोकात चेपून तुटते आणि रिंगही अडकू शकते. क्लचमागे तेलपंपाचं वर्म गिअर असतं, ते अनेक मॉडेलांत प्लास्टिकचं असतं. दाते वितळलेले असतील तर याच वेळी बदला.

सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू घालून तो पकडीने ओढा. शाफ्टला ओरखडा गेला तर नवं सीलही गळणार. शाफ्टच्या आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, ओठीला तेल लावा, उघडी बाजू आत ठेवून त्याच मापाच्या सॉकेटने सरळ ठोका. जुनं जेवढं आत होतं तेवढंच.

जुनीकानस

क्लच निघालाच आहे तर त्यामागचं सुईचं बेअरिंग पुसून ग्रीस भरा आणि स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक) बघा. दात्यांवर साखळीने पाडलेली खाच अर्धा मिलिमीटरच्या वर असेल तर स्प्रॉकेट बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी लवकर ताणते आणि खराब होते. दोन साखळ्यांमागे एक स्प्रॉकेट हा हिशेब बरोबर आहे.

साखळीचं माप बारवर कोरलेलं असतं. पुसलं असेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांचं पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा: साधारण १९ मिमी आलं तर ३/८ इंच, साडेसोळा आलं तर .३२५ इंच. ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणारी कडी) जाडीही जुळली पाहिजे, १.३ आणि १.५ मिमी यांत फार गफलत होते. १.३ ची साखळी १.५ च्या बारमध्ये बसते, पण डुलते आणि काप तिरका जातो. लिंक किती आहेत ते मोजून घ्या.

कानस .३२५ ला ४.८ मिमी, ३/८ ला ५.५ किंवा ५.२, लो-प्रोफाइल ३/८ ला ४. कोन बहुधा ३० अंश. सगळ्यात आखूड दात शोधून त्यापासून सुरू करा आणि बाकीचे त्याच्या लांबीवर आणा. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, परत आणताना उचलून. तीनदा धार लावली की डेप्थ गेज, म्हणजे दातापुढचा बोथट उंचवटा, चपट्या कानशीने दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवा. जास्त घासलात तर साखळी लाकडात झेप घेते आणि बार हाताकडे उसळतो.

धार लाकूड सांगतं: जाड कपच्या पडत असतील तर आहे, पीठ पडत असेल तर नाही. पीठ पडत असताना दाबून कापणं म्हणजे बार, क्लच आणि इंजिन तिन्ही तापवणं.

बार उलटसुलट लावत जा. कडांवर आलेली धारदार फुणगी चपट्या कानशीने काढा, तेलाची भोकं तारेने मोकळी करा. मग बारचं टोक कोरड्या खोडाच्या कापापासून वीतभर लांब धरून पाऊण रेस द्या. खोडावर तेलाची ठिपक्यांची रेघ उमटली पाहिजे. इंजिनातून काढलेलं काळं तेल टाकू नका, त्यातल्या धातूच्या चुऱ्याने पंप आणि बार दोन्ही झिजतात.

खोडवा

निर्वाताला क्लचकडचं सीलच गळत होतं. बदललं, आता ०.५ बारवर टिकतं. तिरका केला तरी आयडल हलत नाही. एच किती ठेवू? टॅकोमीटर नाही.

टूस्ट्रोक

आधी एल. इंजिन गरम, एअर फिल्टर आणि झाकण लावलेलं. एल हळूहळू आत घेत आयडल सगळ्यात जास्त होईल तिथे आणा, मग पाव आटा बाहेर. एकदम रेस दिली तर न अडखळता उचलला पाहिजे. आयडलचा स्क्रू इतकाच की साखळी फिरत नाही.

एचसाठी बार लाकडाबाहेर ठेवून काही क्षणच फुल रेस द्या. आवाज स्वच्छ, तीक्ष्ण शिट्टीसारखा आला तर पेट्रोल कमी आहे, एच बाहेर काढा. थोडा भरभरणारा, फुटल्यासारखा आवाज यायला हवा. तोच बार लाकडात घातला की भरभर जाऊन आवाज स्वच्छ होतो, बाहेर काढला की परत येते. तिथे थांबा. लाकडातही भरभरत राहिला तर एच आट्याचा आठवा हिस्सा आत. पहिल्या दोन टाक्या भरभरण्याकडेच ठेवा. मग भर कापात फुल रेसवर असतानाच बंद करून प्लग काढा. टोकाचं चिनीमातीचं फिकट तपकिरी दिसलं तर तसंच ठेवा. पांढरं असेल तर परत निर्वाताची चाचणी करा, फक्त एच फिरवून सोडू नका.