प्रशासकाच्या काळातील कामांची छाननी आता कोणी आणि कशी करायची?

प्रश्न : गल्लीतील रहिवासी, पुणे

पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, स्थायी समिती आणि मुख्य सभा या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडेच, म्हणजे प्रशासक म्हणून नेमलेल्या आयुक्तांकडेच, होते. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि मुख्य सभा त्याला मान्यता देते, ही नेहमीची रीत. त्या काळात मात्र या तिन्ही पायऱ्या एकाच टेबलावर चढल्या गेल्या. आता नवे सभागृह आले आहे. पण मधल्या काळातील खर्चाकडे मागे वळून पाहणे हे कोणाचे काम आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

कारण अगदी घराजवळचे आहे. आमच्या गल्लीचे काँक्रिटीकरण त्याच काळात झाले. एका सोमवारी दुपारी मी कार्यालयात जाऊन त्या कामाची फाइल पाहिली. झालेल्या कामाची मापे ज्यात नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेत लांबी 212 मीटर लिहिली होती. घरी येऊन शेजाऱ्यांच्या मदतीने टेप लावली, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या भिंतीपर्यंत 186 मीटर भरले. दोन वेगवेगळ्या दिवशी घेतल्याचे दाखवलेली मोजमापे एकाच शाईत, एकाच हाताने सलग लिहिलेली दिसत होती आणि सहीखाली तारीख नव्हती. यात गैरव्यवहारच झाला असे मी म्हणत नाही, कदाचित बाजूचा बोळही त्यात धरला असेल. पण हे विचारायचे कोणाला?

उत्तर : निवृत्त लेखापाल

आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. महापालिका अधिनियमात मुख्य लेखापरीक्षकाचे पद मुद्दाम वेगळे ठेवले आहे. जो खर्च करतो त्याच्याच हाताखाली तपासणी करणारा असू नये, म्हणून लेखापरीक्षकाने आपला अहवाल आयुक्तांना नव्हे, तर 16 सदस्यांच्या स्थायी समितीला द्यायचा असतो. समितीचे अधिकारच प्रशासकाकडे गेले, की ही रचना कागदावर शाबूत राहूनही आतून पोकळ होते, कारण आक्षेप ज्याच्या कारभारावर घ्यायचा, अहवालही त्याच्याच हाती पडतो. माझ्या मते त्या चार वर्षांतील खरे नुकसान हेच आहे, कोणत्याही एका रस्त्यापेक्षा मोठे.

म्हणून नव्या स्थायी समितीपुढे पहिली मागणी ठेवायची ती अशी, की 2022 पासूनचे प्रलंबित लेखा आक्षेप, म्हणजे लेखापरीक्षकाने खर्चावर काढलेल्या हरकती, विभागवार कार्यपत्रिकेवर घ्यावेत आणि त्यांतील वसूलपात्र, म्हणजे परत वसूल करायची, रक्कम किती व आक्षेपाधीन, म्हणजे अजून खुलासा न झालेली, किती हे सभेत वाचून दाखवावे. मी आयुष्यभर पाहिले आहे, की ‘अनुपालन सादर करण्यात येत आहे’ या एका वाक्यावर आक्षेप वर्षानुवर्षे पडून राहतो आणि तोवर संबंधित अभियंता बदलून जातो, कधी निवृत्तही होतो.

उत्तर : कसब्यातील जुना कार्यकर्ता

लेखापाल साहेबांशी मी सहमत आहे, पण सभागृह परत आले म्हणजे छाननी परत आली, असे मानायला माझे मन तयार होत नाही. नगरसेवक असतानाही लाखोंचे प्रस्ताव आयत्या वेळचे विषय म्हणून यायचे आणि काही मिनिटांत मंजूर व्हायचे. एका कामाचा निधी वर्गीकरणाने दुसऱ्याच कामाकडे जायचा. अंदाजपत्रकातील ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, त्याच त्या पदपथाचे ब्लॉक पुन्हा पुन्हा बदलले जायचे. मुख्य सभा तहकूब झाली, की लेखी प्रश्नांची उत्तरे छापील पुस्तिकेतच राहायची. विषयपत्र सदस्यांच्या हातात आठ दिवस आधी पडले आणि त्याच दिवशी ते नागरिकांनाही वाचता आले, तरच प्रश्न विचारण्यात काही अर्थ असतो.

त्यातच 2009 च्या दुरुस्तीने कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आली, जिथे मतदारांनी आपल्या भागातील कामे आणि त्यांचा हिशेब समोरासमोर तपासावा अशी अपेक्षा होती. ती सभा आपल्या शहरात कधी रुजलीच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर : अर्ज लिहून देणारी

दादा, आपल्या गल्लीपुरते बोलायचे तर वाट मोकळी आहे. सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहू देण्याची सोय पुण्यात आधीपासून होती आणि 2018 मध्ये शासनाने ती राज्यभरातील स्थानिक संस्थांना लागू केली. पण नुसते पाहून थांबू नका, साक्षांकित प्रती घ्या. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे ‘कामात भ्रष्टाचार झाला का’ असे विचारून शब्द वाया घालवू नयेत. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा आधी केलेला अंदाज), कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल, एवढेच मागा. शुल्क 10 रुपये आहे आणि मुदत 30 दिवसांची. उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा.

फार थोड्यांना ठाऊक असते, की माहितीच्या अधिकारात प्रत्यक्ष कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. मोजणी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत व्हावी, अशी लेखी मागणी करा. आणखी एक गोष्ट तातडीची आहे : दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की ठेकेदाराची अनामत परत जाते, आणि मग आपल्या हातात केवळ पत्रव्यवहार उरतो. ती तारीख आधी शोधा.

प्रश्नकर्ता पुन्हा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्यावर टिपणे काढून पाहिली. काम मार्च 2024 मध्ये पूर्ण झाल्याची नोंद आहे आणि दोषदायित्व कालावधी तीन वर्षांचा, म्हणजे अजून वेळ हातात आहे. अर्ज आज लिहिला, तो 118 शब्दांत बसला. बाजूचा बोळ मोजमापात धरला आहे का, हा मुद्दा मी त्यात स्वतंत्रपणे विचारला आहे, कारण तसे असेल तर संबंधित अभियंत्यावर विनाकारण संशय राहू नये. प्रभागातील नगरसेविकांना प्रलंबित लेखा आक्षेपांबद्दल पत्र दिले असून त्यावर गल्लीतील 31 घरांच्या सह्या आहेत. पोच घेतली आहे.