सुट्टीत अकरा जण जमणार, वयं ६ ते ७८. कुठले खेळ घेऊ?

दुपारची_डुलकी

यंदा सुट्टीत आम्ही अकरा जण एका घरात असणार आहोत. भाची सहा वर्षांची, आजी ७८ ची (डोकं तल्लख, नजर अधू). दोन पुतणे कॉलेजात, त्यांची मान मोबाइलमधून वर यायला काहीतरी निमित्त लागतं. शिवाय एक काका आहेत, ते हरले की पत्ते फेकतात. म्हणजे खरंच फेकतात, सोफ्याखालून गोळा करावे लागतात.

मागच्या खेपेला व्यापार काढला होता. ज्याचं दिवाळं आधी निघालं तो झोपायला गेला, बाकीचेही एकेक करून पांगले, आणि शेवटी दोघं जण नोटा मोजत बसले होते. या वेळी दोन-तीन नवे खेळ घ्यायचा विचार आहे. नेटवर याद्यांचा ढीग आहे, पण जो तो ‘कटान घ्या’ म्हणतोय. घेऊ का?

इस्पिकची_राणी

कटान नका घेऊ. खेळ फर्स्ट क्लास आहे, १९९५ पासून लोक उगाच नाही खेळत. पण मूळ खोक्यात तीन ते चार जणांचीच सोय असते, जादा संच आणला तरी सहा. उरलेले पाच काय करणार, मेंढ्या मोजणार? तीच गत ‘टिकेट टू राइड’ची, तो पाचांपर्यंत.

आमच्या घरी सुट्टीतल्या खेळांचं खातं माझ्याकडे असतं. खोक्यावर छापलेलं वय मी बघतच नाही. मी बघते की आपली पाळी येईपर्यंत माणसाला किती वेळ नुसतं बसून राहावं लागतं, आणि मधेच बाद होऊन उठावं लागतं का. व्यापारात ही दोन्ही दुखणी आहेत. (आलेल्या माणसाने जागा घेतली नाही तर लगेच तिचा लिलाव करायचा, हा मोनोपॉलीचा, म्हणजे व्यापार ज्यावरून आला त्या खेळाचा, मूळ नियम आहे. माझ्या ओळखीत तो कोणीही पाळत नाही, आणि मग खेळ रबरासारखा ताणला जातो.)

तुम्ही सीक्वेन्स घ्या. बारा जणांपर्यंत चालतो. पत्त्यांचे दोन जोड, आणि पटावर गुलाम सोडून प्रत्येक पत्ता दोनदा छापलेला. हातातला पत्ता टाकायचा, पटावर त्याच जागी आपली सोंगटी ठेवायची, सलग पाच झाल्या की एक ओळ. दोन संघ असतील तर दोन ओळी करणारा जिंकला. चौकट आणि किलवरचे गुलाम चित्रात दोन डोळ्यांचे, ते कुठेही चालतात. इस्पिक आणि बदामचे एका डोळ्याचे, ते दुसऱ्याची सोंगटी उचलतात. सगळी भांडणं या एकडोळ्यांवरून होतात आणि ती व्हायलाच हवीत.

आता अडचण अशी की संघ समान लागतात, आणि अकराचे दोन भाग होत नाहीत, तीनही होत नाहीत. तेव्हा आजी आणि भाची मिळून एक खेळाडू करा. पट बारीक छापलेला असतो, म्हणजे डोळे भाचीचे, डोकं आजीचं. मग दहा जण, पाच-पाचांचे दोन संघ, आणि दहा जणांत प्रत्येकाला तीनच पत्ते मिळतात, त्यामुळे आजींना हातात पंखा धरून बसावं लागत नाही. एक पाळी दहा-पंधरा सेकंदांची, कोणाला जांभई द्यायलाही सवड नाही.

एक नियम मात्र आधीच ठरवून टाका. खेळी केल्यावर नवा पत्ता उचलायला विसरलात आणि पुढच्याने आपली खेळी करून पत्ता उचलला, की तुमचा पत्ता गेला. म्हातारी माणसं आणि लहान मुलं हमखास विसरतात. मी त्यांना ही सूट देते. पुतण्यांना अजिबात देऊ नका.

चिठ्ठीचपाटी

वरच्या सीक्वेन्सला माझं अनुमोदन. जोडीला ‘कोडनेम्स’ हा इशाऱ्यावरून शब्द ओळखायचा खेळ घ्या, पण त्यासाठी पैसे खर्च करू नका, तो घरी करा. कागदाच्या २५ चिठ्ठ्या, पाच बाय पाच मांडायच्या, प्रत्येकीवर एकेक शब्द, जाड पेनाने, म्हणजे आजींनाही दिसेल. ९ शब्द सुरुवात करणाऱ्या संघाचे, ८ दुसऱ्याचे, ७ कोणाचेच नाहीत, आणि एक काळा. कुठला शब्द कोणाचा याचा नकाशा फक्त दोन्ही संघांच्या म्होरक्यांकडे असतो. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं, संघाने आपल्या चिठ्ठ्या ओळखायच्या. काळी उचलली की खेळ तिथेच संपला.

एकाहून जास्त अर्थांचे शब्द निवडा: तीर, पूर, पात्र, खोड, हार, वर, अंक. गेल्या सुट्टीत माझ्या बहिणीने ऐटीत ‘नदी, दोन’ असा इशारा दिला. तिच्या मनात तीर आणि पूर. आमच्या पठ्ठ्यांनी तीर बरोबर ओळखला आणि नंतर सगळ्यांनी एकमताने ‘पात्र’वर बोट ठेवलं. पात्र काळं होतं. पूर शेजारीच पडलेला!

म्होरक्या विचार करत बसतो तेव्हा खेळ थंडावतो. वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर लावा.

मेंढी_माझीच

एवढं सगळं कशाला? पत्त्यांचे दोन कॅट आणा, विषय संपला. अकरा म्हणजे चार अधिक सात. चौघांचं मेंढीकोट एकीकडे, सात जणांचं बदाम सात दुसरीकडे. सहा वर्षांच्या मुलीला बदाम सात दोन डावांत येतं, आणि चौकटची अठ्ठी दाबून धरून समोरच्याला रडवण्यातली मजा तर पहिल्याच डावात कळते.

मेंढीकोटाला काका आणि आजी जोडीदार. चार दश्श्यांपैकी तीन आल्या की डाव आपला, चारही आल्या तर मेंढीकोट. आजींसमोर पत्ते फेकायची कोणाची छाती होते ते बघतो.

इस्पिकची_राणी

मेंढीकोट मलाही जीव की प्राण आहे, पण दोन टेबलं केली की मोठी माणसं एकीकडे आणि पोरं दुसरीकडे, आणि मग दिवसभर तसंच राहतं. रात्री उशिरा, लहान मंडळी झोपल्यावर जरूर काढा.

काकांसाठी दोन उपाय. एक, सगळे मिळून खेळायचा खेळ. ‘जस्ट वन’ (तीन ते सात जण, जास्त असतील तर जोड्या करा). एकाला शब्द माहीत नसतो, बाकीचे लपवून एकेक इशारा लिहितात, आणि दोघांचा इशारा सारखा निघाला तर दोन्ही पुसायचे. हरलात तर सगळेच हरलात, पत्ते फेकणार कोणावर? सहकाराचा म्हणून पँडेमिक मात्र घेऊ नका. तो चौघांचा आहे, आणि त्यात तुमचे काका सेनापती होऊन बाकीच्या तिघांना हुकूम सोडतील.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो: ‘६ निम्ट’. नाव जर्मन आहे, नियम पाच मिनिटांचे. १ ते १०४ आकड्यांचे पत्ते. दहा जण, प्रत्येकी दहा पत्ते, टेबलावर चार रांगांचे पहिले चार, हिशेब चोख १०४. सगळे एकाच वेळी एक पत्ता उलटा ठेवतात आणि एकदम उघडतात, त्यामुळे पाळीची वाट बघणं हा प्रकारच नाही. आकडा जवळच्या लहान आकड्याच्या रांगेत लागतो, आणि ज्याचा पत्ता सहावा त्याने आधीचे पाच पदरात घ्यायचे. पत्त्यांवर बैलांची डोकी असतात, ती गोळा होतील तेवढं वाईट. दहा जण असताना नशिबाचा भाग इतका मोठा असतो की काकांना नशिबाला शिव्या घालता येतात, माणसांना नाही.

आणि नियमांची पुस्तिका मोठ्याने वाचू नका, लोक पहिल्याच पानावर उठतात. पुतण्यांना आदल्या दिवशी नीट शिकवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच इतरांना शिकवायला लावा. पहिला डाव पत्ते उघडे ठेवून. समजावून सांगायचं काम अंगावर आलं की मोबाइल आपोआप खिशात जातो.

दुपारची_डुलकी

सीक्वेन्स आणि ६ निम्ट नक्की. चिठ्ठ्यांचं काम आत्याकडे देते, तिचं अक्षर मोठं आहे. एक शंका: भाचीला पन्नासपर्यंतच आकडे येतात. ६ निम्टमध्ये ती ९७ आणि ७९ मध्ये अडकेल ना?

इस्पिकची_राणी

अडकेल. तिला धरून चौघंच बसा. खेळाडूंच्या संख्येला दहाने गुणायचं, चार मिळवायचे आणि तेवढ्याच आकड्यापर्यंतचे पत्ते घ्यायचे, असा प्रकार खेळात आहेच. चौघांना १ ते ४४. बाकीचे बाजूला काढून ठेवा. उलट असं खेळताना कुठले पत्ते डावात आहेत ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे डोकं जास्त चालवावं लागतं. त्या टेबलावर आजींना बसवा, काकांना नको.