मदत हवी आहे: १९७० च्या शेव्हेलसाठी ३८३ स्मॉल-ब्लॉक की ४५४ बिग-ब्लॉक?

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. आमच्या १९७० सालच्या शेव्हर्ले शेव्हेलचे थकलेले इंजिन बदलायचे असून गाडी शर्यतीसाठी नव्हे, तर उन्हाळ्यात नेहमी रस्त्यावर चालवण्यासाठी हवी आहे.

एक पर्याय म्हणजे ३५० घन इंचांच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये (शेव्हर्लेच्या लहान आकाराच्या व्ही-८ इंजिनात) ३.७५ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या तेवढ्या वर-खाली प्रवासाचा, क्रँकशाफ्ट बसवून ते ३८३ घन इंचांचे करणे. दुसरा ४५४ घन इंचांचा बिग-ब्लॉक (मोठ्या आकाराचे व्ही-८ इंजिन), जो त्या वर्षी याच मॉडेलमध्ये कारखान्यातूनच मिळत असे. ४५४ कमी आरपीएमलाच (मिनिटाला कमी फेऱ्यांतच) भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, त्यामुळे कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) सौम्य ठेवूनही गाडी जोरात उचलते, आणि हेच मला मनापासून आवडते. मात्र ओतीव लोखंडाचे हे इंजिन स्मॉल-ब्लॉकपेक्षा शंभरएक पौंडांनी जड असते आणि तो भार मुख्यतः पुढच्या चाकांवर येतो. ॲल्युमिनियमची हेड्स (सिलिंडरांवरची झाकणे) लावल्यास फरक बराच भरून निघतो, पण खर्चही वाढतो. गिअरबॉक्सची अडचण नाही, कारण दोन्हींच्या मागच्या बोल्टची मांडणी एकच आहे.

माझा कल सध्या ३८३ कडे आहे. ज्यांनी दोन्ही इंजिने चालवली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: वळणांवर वजनाचा फरक खरोखर जाणवतो का, आणि बिग-ब्लॉकला हेडर्स (धूर बाहेर नेणाऱ्या खास नळ्या) लावल्यावर स्पार्क प्लग बदलताना हात नीट पोहोचतो का?